‘ॲक्टिव्ह’ किती, ‘स्पेअर’ किती? सॉफ्टवेअर रेड बसवताना अडवणारे शब्द

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. जिनिंगचा हिशेब, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची लॅब किंवा लग्नाचे व्हिडिओ सांभाळणारा एखादा जुना डेस्कटॉप असतो. त्यात दोन-तीन हार्ड डिस्क लावून डेबियन नाहीतर उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) टाकायला घेतात आणि सॉफ्टवेअर रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच जागा करण्याच्या, पायरीवर गाडी अडते. स्क्रीन विचारते, ॲक्टिव्ह डिव्हाइस किती? स्पेअर डिव्हाइस किती? अंदाजानं आकडा टाकला जातो. मग इन्स्टॉलर तरी मागं ढकलतो, किंवा काम पूर्ण होतं पण नंतरचा तपशील वाचून ‘काहीतरी चुकलं’ अशी शंका राहते. ही शंका अर्ध्या वेळा खोटी निघते. उरलेल्या अर्ध्या वेळा ती खरी असते, पण डिस्क मेल्यावरच कळते.

डिस्क खराब नसते, केबलही बरोबर असते. गोंधळ शब्दांचा असतो. या साऱ्या प्रश्नांत ‘डिव्हाइस’, ‘ॲक्टिव्ह’, ‘व्हॉल्यूम’ हे शब्द पायरीगणिक वेगळ्या वस्तूसाठी येतात. म्हणून इथं शब्द धरून चाललो आहोत. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आणि आकडेही इंग्रजी द्यायचे. ‘एमडीएडीएम’ हे लिनक्समधलं रेड सांभाळणाऱ्या साधनाचं नाव आहे, पाच अक्षरांचं: एम, डी, ए, डी, एम.

‘डिव्हाइस’ म्हणजे नेमकं काय

डिस्क म्हणजे आपलं वावर, आणि पार्टिशन म्हणजे त्यात धुरे घालून पाडलेले तुकडे. दोन वेगळ्या वावरांतले सारख्या मापाचे तुकडे मिळून एकच वाही केली, की तो झाला ॲरे. लिनक्समध्ये त्याला एमडी० असं नाव मिळतं. इन्स्टॉलर या तिन्ही गोष्टींना बिनधास्त ‘डिव्हाइस’ म्हणतो. /डेव्ह/एसडीए ही डिस्क, /डेव्ह/एसडीए१ हे पार्टिशन आणि /डेव्ह/एमडी० हा ॲरे, सगळेच डिव्हाइस.

‘नंबर ऑफ ॲक्टिव्ह डिव्हाइसेस’ विचारतात तेव्हा प्रश्न मधल्या पायरीचा असतो: या एका ॲरेत काम करणारी पार्टिशनं किती? मशीनमध्ये डिस्क किती आहेत हे कोणी विचारलेलं नाही. पेनड्राइव्हसकट यादीत नावं किती दिसतात हेही नाही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना तो पेनड्राइव्हच कधी एसडीए होऊन बसतो आणि पहिली खरी डिस्क एसडीबी होते, म्हणून नावावर भरवसा ठेवूच नका. डिस्कच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या, कोणत्या साटा पोर्टला ती लावली तेही लिहा. मग चालू सिस्टिमवर ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल’ चालवून ताडून पाहा. हा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला तर दोन वर्षांनी डिस्क बदलायला येणारा दुसराच माणूस तुम्हाला दुवा देईल.

याच गोंधळातून येणारी सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे ‘नो रेड पार्टिशन्स अव्हेलेबल’. डिस्क समोर दिसतात, पार्टिशनंही पाडली आहेत, तरी इन्स्टॉलर म्हणतो रेडसाठी काही उपलब्ध नाही. कारण पार्टिशन पाडताना ‘यूज ॲज’ च्या ओळीत ईएक्सटी४ (फाइली ठेवायची नेहमीची मांडणी) तसंच राहिलेलं असतं. तिथं ‘फिजिकल व्हॉल्यूम फॉर रेड’ निवडावं लागतं. त्या यादीत जवळच ‘फिजिकल व्हॉल्यूम फॉर एलव्हीएम’ असतं, आणि तेच निवडून पुढं गेलेले लोकही पुष्कळ. ‘फिजिकल व्हॉल्यूम’ हे शब्द दोन्हीकडं सारखे असले तरी काम वेगळं आहे. एलव्हीएम (जागेचे लवचीक भाग पाडायची सोय) हवंच असेल तर ते वर, म्हणजे तयार झालेल्या एमडी० वर टाकायचं. खालच्या पार्टिशनांवर फक्त रेड.

डेबियनमधला क्रम असा. ‘मॅन्युअल’ निवडा. प्रत्येक डिस्कवर नवं पार्टिशन टेबल करा. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर ते जीपीटी या नव्या पद्धतीचंच लागतं. जुन्या बायोस पद्धतीनं बूट होणाऱ्या मशीनवर जीपीटी केलं, तर १ एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन दोन्ही डिस्कवर सोडा. मग मोठं पार्टिशन पाडून त्याला ‘फिजिकल व्हॉल्यूम फॉर रेड’ म्हणा. दोन्ही डिस्कवर मापं अगदी सारखी ठेवा, आणि शेवटी शंभर-दोनशे एमबी मोकळे सोडा. उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि ती काही एमबीनं लहान निघाली, तर ही मोकळी जागा वाचवते. त्यानंतरच ‘कॉन्फिगर सॉफ्टवेअर रेड’ वर जा, बदल लिहायला ‘यस’ म्हणा, मग ‘क्रिएट एमडी डिव्हाइस’.

टेक्स्ट पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन निवडताना स्पेस बार दाबायचा, म्हणजे कंसात फुली-तारा येतो. एंटर दाबला तर काहीच न निवडता पुढं जातं आणि मग ‘इतकी पार्टिशनं निवडा’ म्हणून परत पाठवतं. इथं नियम बरोबर समजलेला माणूसही वैतागतो.

आणि ‘फिनिश’. रेडच्या मेनूमधलं ‘फिनिश’ म्हणजे फक्त ॲरे बांधून झाला. त्यानंतर यादीत ‘रेड१ डिव्हाइस #०’ अशी नवी ओळ येते. तिच्यावर जाऊन ईएक्सटी४ आणि माउंट पॉइंट (ही जागा सिस्टिममध्ये कुठं जोडायची ते) / द्यायचा असतो. ते न करता खालचं ‘फिनिश पार्टिशनिंग’ दाबलं की ‘नो रूट फाइल सिस्टिम इज डिफाइन्ड’ असा निरोप येतो. निरोप खरा असतो: वाही तयार झाली, पेरणी करायची राहिली.

ॲक्टिव्ह आणि स्पेअर

काळीपिवळीची चार चाकं धावतात, पाचवं मागं स्टेपनी म्हणून टांगलेलं असतं. स्टेपनी आहे म्हणून ‘धावणारी चाकं किती’ याचं उत्तर पाच होत नाही. ॲक्टिव्ह म्हणजे धावणारी चाकं, स्पेअर म्हणजे स्टेपनी, आणि इन्स्टॉलर हे दोन आकडे वेगवेगळे विचारतो. एकूण पार्टिशनं म्हणजे या दोघांची बेरीज.

दोन डिस्कवर मिरर, म्हणजे रेड १ करायचा असेल तर उत्तर ॲक्टिव्ह २, स्पेअर ०. ‘एक चालते, दुसरी बॅकअप’ असं डोक्यात असल्यानं लोक ॲक्टिव्ह १, स्पेअर १ टाकतात. मिररमध्ये दोन्ही डिस्क एकाच वेळी लिहितात; कोणी राखीव बसलेली नसते. टर्मिनलवरून असं केलं तर एमडीएडीएम स्वतःच अडवतं, एक हा विचित्र आकडा आहे, खरंच हवा असेल तर ‘--फोर्स’ द्या असं म्हणतं. त्या वेळी ‘फोर्स’ देऊ नका, आकडा बदला.

रेड ५ ला (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) कमीत कमी ३ ॲक्टिव्ह लागतात, रेड ६ ला (दोन गेल्या तरी वाचतो) ४. रेड ० मध्ये डेटा डिस्कांत नुसता वाटला जातो, राखण नसतेच, त्यामुळं ॲक्टिव्ह-स्पेअरचे आकडेही विचारले जात नाहीत. म्हणून डेबियनमध्ये हे दोन प्रश्न आलेच नाहीत आणि थेट पार्टिशनांची यादी आली, तर समजा की यादीत सर्वांत वरचा रेड ० चुकून निवडला गेला. मागं फिरा. रेड ० मध्ये एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

आता खरा विचाराचा भाग: डिस्क तीन आहेत आणि मिरर करायचा आहे. ॲक्टिव्ह २, स्पेअर १ करायचं की ॲक्टिव्ह ३, स्पेअर ०? वापरायला जागा दोन्हीकडं एका डिस्कइतकीच मिळते. फरक एक डिस्क गेल्यावर दिसतो, आणि इथं स्टेपनीची उपमा तुटते. स्टेपनी लावली की गाडी निघते. स्पेअर डिस्क मात्र कोरी असते. ती आधी भरावी लागते. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीनं भरली तरी साडेसात तास लागतात. मशीनवर काम चालू असेल, डिस्क जुनी असेल तर अकरा-बारा तास सहज. तितका वेळ तुमचा सगळा डेटा एकाच डिस्कवर उभा असतो, आणि तीही बहुधा त्याच दिवशी त्याच दुकानातून घेतलेली, तितकीच चाललेली. त्यात मे महिना, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या पुढं, पत्र्याच्या छपराखालचं ऑफिस, आणि भरणीचं काम म्हणजे डिस्कला अखंड घाम. बहुतेक हार्ड डिस्कला ६० अंश ही वापराची वरची हद्द दिलेली असते. ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ मध्ये १९४ क्रमांकाची ओळ तापमान दाखवते, ती भरणी चालू असताना पाहत राहा.

ॲक्टिव्ह ३ केलं तर तिसरी प्रत आधीच भरलेली असते. एक गेली तरी दोन उरतात, घाई नाही, नागपूरहून डिस्क यायला चार दिवस लागले तरी चालतं. म्हणून खेड्यातल्या मशीनसाठी आमचं मत सरळ आहे: मिररमध्ये स्पेअर ठेवू नका. तिसरी डिस्क ॲक्टिव्ह करा. त्याहून बरं म्हणजे ती मशीनबाहेर ठेवा आणि आठवड्याला तिच्यावर बॅकअप घ्या. रेड म्हणजे बॅकअप नाही; चुकून पुसलेली फाइल मिररमध्ये दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि वीज पडून कॅबिनेट जळलं तर सगळ्या डिस्क एकदमच जातात.

चार डिस्कबाबत हाच हिशेब रेड ५ अधिक स्पेअर आणि रेड ६ यांच्यात लावा. जागा दोन्हीकडं दोन डिस्कची. रेड ५ मध्ये ॲक्टिव्ह ३, स्पेअर १ टाकलं तर पहिली डिस्क गेल्यापासून स्पेअर भरेपर्यंत दुसरी जाऊन चालत नाही. रेड ६ मध्ये ॲक्टिव्ह ४, स्पेअर ० टाकलं तर कोणत्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत. रेड ६ मध्ये लिहिणं थोडं हळू होतं, पण हिशेबाच्या फाइलींना तो फरक जाणवत नाही. मोठा कारखाना असेल, एका स्पेअरवर अनेक ॲरे अवलंबून असतील, तिथं स्पेअरला अर्थ आहे. तहसीलच्या गावातल्या एका कॅबिनेटात फारसा नाही.

या प्रश्नाखाली इन्स्टॉलर एक सूचना दाखवतो: हा आकडा नंतर बदलता येणार नाही. घाबरून लोक इथंच थांबतात. इन्स्टॉलरच्या त्या पायरीपुरतं ते खरं आहे. चालू सिस्टिमवर मात्र ‘एमडीएडीएम --ग्रो’ नं आकडा वाढवता येतो. मिररमध्ये ते सोपं काम आहे. रेड ५ मध्ये डिस्क वाढवणं म्हणजे सगळा डेटा नव्यानं मांडणं, कित्येक तासांचं काम. यूपीएस आणि बॅकअप नसेल तर त्याला हात लावू नका. रेड १० (मिरर अधिक डिस्कांत वाटणी) निवडलात तर तिथं ‘लेआउट’ विचारतात आणि उत्तर एन२ असं भरलेलं असतं. एन म्हणजे प्रती जवळजवळच्या जागी, २ म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती. दोन हा डिस्कचा आकडा नाही. ते आहे तसं राहू द्या.

उबुंटू सर्व्हरमध्ये हेच वेगळ्या रूपात

नव्या उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर आकडे विचारत नाही; प्रत्येक डिस्कपुढं ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘स्पेअर’ निवडायला देतो. ते सोपं आहे. अडचण आधी येते: डिस्क रेडच्या यादीत दिसतच नाही. पार्टिशन पाडताना ‘फॉरमॅट’ मध्ये ‘लीव्ह अनफॉरमॅटेड’ निवडलं तरच ती दिसते. शिवाय आधी एका डिस्कवर ‘यूज ॲज बूट डिव्हाइस’ आणि दुसरीवर ‘ॲड ॲज अनदर बूट डिव्हाइस’ द्या, मग उरलेल्या जागेत पार्टिशन पाडून ती रेडमध्ये घ्या. पूर्ण डिस्कच रेडला दिली तर बूटसाठी जागा उरत नाही आणि ‘डन’ चं बटण दबतच नाही.

झालं तर खरं, पण तपशील उलटा दिसतो

तीन डिस्कचा रेड ५ नीट बांधला. मग ‘एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०’ चालवलं तर दिसतं: रेड डिव्हाइसेस ३, ॲक्टिव्ह डिव्हाइसेस २, वर्किंग डिव्हाइसेस ३, फेल्ड ०, स्पेअर १. वरून स्टेट ‘क्लीन, डिग्रेडेड, रिकव्हरिंग’ (डिग्रेडेड म्हणजे कामावर एक डिस्क कमी). काहून बरं, आपण तर स्पेअर शून्य टाकला होता! लोक इथं सगळं पुसून पुन्हा सुरू करतात, आणि पुन्हा तेच दिसतं.

यात चूक काहीच नाही. नवा रेड ५ बांधताना एमडीएडीएम शेवटच्या डिस्कला तात्पुरतं स्पेअर धरतं आणि बाकीच्यांवरून तिची भरणी करतं, कारण तसं केलं की काम लवकर आटोपतं. तिच्यापुढं ‘स्पेअर रिबिल्डिंग’ लिहिलेलं असतं. भरणी संपली की आकडे ॲक्टिव्ह ३, स्पेअर ० होतात. ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ मध्ये टक्केवारी आणि उरलेली मिनिटं दिसतात. तोपर्यंत मशीन वापरलं तरी चालतं, फक्त महत्त्वाचा डेटा लगेच टाकून मूळ प्रत पुसू नका.

त्या तपशिलातला एकेक शब्द असा वाचायचा. ‘रेड डिव्हाइसेस’ म्हणजे ॲरेच्या आराखड्यातल्या जागा. ‘टोटल’ म्हणजे आत्ता जोडलेली सगळी. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे पूर्ण भरून कामावर असलेली. ‘वर्किंग’ म्हणजे ठणठणीत असलेली सगळी, यात स्पेअरही मोजला जातो. म्हणून वर्किंग ४ आणि ॲक्टिव्ह ३ असं दिसलं तर एक स्पेअर आहे, बिघाड नाही. चिंता ‘फेल्ड’ शून्याहून जास्त असेल तेव्हा, किंवा ॲक्टिव्हचा आकडा रेड डिव्हाइसेसपेक्षा कमी असून भरणी चालू नसेल तेव्हा.

‘ॲक्टिव्ह’ हा शब्द मात्र तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. एमडीस्टॅटमध्ये ‘एमडी० : ॲक्टिव्ह’ म्हणजे ॲरे सुरू झाला आहे, इतकंच, एक डिस्क मेलेली असली तरी तो ‘ॲक्टिव्ह’ च दिसतो. डिटेलमधल्या ‘स्टेट’ पुढं ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे आत्ता लिहिणं चालू आहे, आणि ‘क्लीन’ म्हणजे लिहिणं पूर्ण झालंय. तिसरा अर्थ वर सांगितलेला, कामावरची डिस्क. त्यामुळं ‘ॲक्टिव्ह’ वाचून निश्चिंत होऊ नका आणि ‘क्लीन’ वाचूनही नको. पाहायचं ते चौकोनी कंसांकडं: [२/२] [यूयू] म्हणजे दोन्ही डिस्क कामावर, [२/१] [यू_] म्हणजे एक जागा रिकामी. नावापुढं एस आला तर स्पेअर, एफ आला तर फेल.

भरणीच्या ओळीतले शब्दही भीती घालतात. ‘रिसिंक’ म्हणजे प्रती एकसारख्या करणं, ‘रिकव्हरी’ म्हणजे नवी डिस्क भरणं, ‘रिशेप’ म्हणजे मांडणीच बदलणं. ‘चेक’ म्हणजे नुसती तपासणी. डेबियन-उबुंटूत ती महिन्याच्या पहिल्या रविवारी, शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर, आपोआप सुरू होते, म्हणून त्या रविवारी मशीन मंद वाटलं तर आधी एमडीस्टॅट पाहा. ‘रिसिंक=पेंडिंग’ आणि ‘ऑटो-रीड-ओन्ली’ दिसलं तर पहिलं लिहिणं झालं की ते स्वतःच मार्गी लागतं.

नवी डिस्क जोडली, ती स्पेअरच राहते

दोनच्या मिररला तिसरी डिस्क ‘एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीसी१’ नं जोडली. तीन दिवस झाले तरी तिच्यापुढं एस. कारण आराखड्यात जागाच दोन आहेत आणि त्या भरलेल्या आहेत. जागा वाढवा: ‘एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --रेड-डिव्हाइसेस=३’. लगेच भरणी सुरू होते.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी टाकताना मात्र ग्रो लागत नाही. जागा रिकामी असते, ॲड केलं की ती भरली जाते. आधी ‘--फेल’, मग ‘--रिमूव्ह’, मशीन बंद करून सीरियल नंबर पाहून डिस्क काढा, नवी लावा. पार्टिशनांचा नकाशा नव्या डिस्कवर उतरवायला ‘एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीए’, यातला आर मोठ्या लिपीत. इथं पहिलं नाव नव्या डिस्कचं, दुसरं जुन्या चांगल्या डिस्कचं. लोकांच्या अपेक्षेच्या बरोबर उलटा क्रम आहे हा. उलट टाकलं तर कोऱ्या डिस्कचा नकाशा चांगल्या डिस्कवर बसतो. नंतर ‘एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी’, मोठ्या लिपीतला जी, म्हणजे ओळख-क्रमांक वेगळे होतात.

‘कंटिन्यू क्रिएटिंग ॲरे?’

टर्मिनलवरून ॲरे करताना हा प्रश्न येतो आणि त्याच्या वर एक-दोन ओळी असतात. लोक ओळी वाचत नाहीत, सरळ वाय दाबतात. त्या ओळींवर सगळं अवलंबून आहे.

‘अपिअर्स टू बी पार्ट ऑफ अ रेड ॲरे’ म्हणजे डिस्कवर जुन्या रेडची खूण आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली किंवा जुनी विकत घेतलेली डिस्क असेल आणि तिच्यावर काही नको असेल, तर एन दाबून बाहेर या, ‘एमडीएडीएम --झिरो-सुपरब्लॉक’ आणि ‘वाइपएफएस -ए’ नं खुणा पुसा, मग पुन्हा करा. पण ही ओळ तुमच्याच चालू ॲरेच्या डिस्कवर आली असेल तर हात थांबवा. सिस्टिम नव्यानं टाकल्यावर जुना ॲरे परत आणायला ‘क्रिएट’ वापरणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक आहे. क्रिएट म्हणजे नवा बांधणं; आहे तो जोडायला ‘एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन’. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये जुना ॲरे यादीत दिसला तर ‘क्रिएट एमडी डिव्हाइस’ कडं जाऊच नका. त्या ओळीवर जाऊन ‘नो, कीप एक्झिस्टिंग डेटा’ ठेवा आणि फक्त माउंट पॉइंट द्या.

‘मेटाडेटा ॲट द स्टार्ट’ बद्दलची ओळ बूट पार्टिशनसाठी आहे. नेहमीची १.२ पद्धत आपली खूण पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर ठेवते. ग्रब२ ला (मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) ती वाचता येते, डेटाच्या ॲरेला तर प्रश्नच नाही. जुनी ०.९० सुचवली जाते म्हणून घेऊ नका, तिच्यात २८ डिस्कची आणि डिस्कमागं २ टीबीची मर्यादा आहे.

एमडीएडीएमच्या नव्या आवृत्त्या ‘राइट-इंटेंट बिटमॅप’ चालू करायचा का असंही विचारतात, शेवटी [वाय/एन] असं लिहून, आणि त्यातला एन मोठा असतो. अशा प्रश्नांत मोठं अक्षर म्हणजे नुसतं एंटर दाबल्यावर धरलं जाणारं उत्तर. म्हणजे एंटर दाबलं की बिटमॅप नाही. आपल्याकडं वाय दाबा. बिटमॅप म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागात लिहिणं चालू होतं याची नोंद. लाइन गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं तर परत आल्यावर तेवढाच भाग जुळवला जातो. बिटमॅप नसेल तर पूर्ण ४ टीबी, पुन्हा सात-आठ तास, आणि तोवर परत लाइन जाते. आधीच बांधलेल्या ॲरेला ‘एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी०’ नं तो नंतरही जोडता येतो.

रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली आणि त्यात लाइन गेली, तर सुरू होताना ‘कॅनॉट स्टार्ट डर्टी डिग्रेडेड ॲरे’ येतं. एमडी मुद्दाम अडतं, कारण अर्धवट लिहिलेला तुकडा आणि पॅरिटी (गेलेला भाग परत काढायचा हिशेब) जुळते की नाही याची त्याला खात्री नसते. ‘--असेंबल --फोर्स’ नं तो उठतो, बहुतेक फाइली सुखरूप असतात, पण शेवटच्या क्षणी लिहिलेल्या काही फाइली बिघडू शकतात. उठला की आधी डेटा बाहेर काढा, डिस्क बदलणं नंतर. यूपीएस असला तरी त्याची यूएसबी वायर मशीनला जोडून ‘नट’ सारखं, बॅटरी संपत आली की मशीन नीट बंद करणारं साधन बसवलेलं नसेल, तर बॅटरी संपल्यावर तेच होतं जे यूपीएसशिवाय झालं असतं.

बायोसमधलं रेड आणि ‘सीरियल एटीए रेड’

डेबियन कधी सुरुवातीलाच विचारतं, ‘ॲक्टिव्हेट सीरियल एटीए रेड डिव्हाइसेस?’ हा आपल्या सॉफ्टवेअर रेडचा प्रश्न नाही. मदरबोर्डच्या रेडची जुनी खूण डिस्कवर सापडली म्हणून तो आलाय. एमडी वापरायचं असेल तर ‘नो’ म्हणा, बायोसमध्ये साटाचा मोड ‘एएचसीआय’ करा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर मोड बदलल्यावर ते उठायला अडू शकतं, आधी विचार करा.

विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये ‘टू-वे मिरर’ ला दोन डिस्क लागतात. ‘थ्री-वे मिरर’ मधला तीन हा प्रतींचा आकडा आहे. त्याला डिस्क पाच लागतात. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा ‘रेड१’ तीन डिस्कवर केला तरी प्रती दोनच ठेवतो, तिथं तीन प्रतींना ‘रेड१सी३’ म्हणतात. नाव तेच, हिशेब निराळा.

रीबूटनंतर एमडी० चं एमडी१२७ झालं

डेटा कुठं गेला नाही. ॲरेची नोंद बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत नाही, म्हणून सिस्टिमनं मागून मोकळा आकडा दिला. ‘एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन’ ची ओळ /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये टाका, जुनी ओळ असेल तर ती काढा, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आणि रीबूट. ही ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ची पायरी विसरली की फाइलीतला बदल लागूच होत नाही आणि लोक फाइलच पुन्हा पुन्हा लिहीत बसतात. /ईटीसी/एफएसटॅबमध्ये एमडी० ऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) लिहिलं असेल तर नाव बदललं तरी काही अडत नाही.

एक डिस्क काढली की मशीन उठत नाही

मिरर बरोबर असतो, ग्रब मात्र एकाच डिस्कवर असतो. बायोस मशीनवर ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवा आणि दोन्ही डिस्कवर स्पेस दाबून खूण करा. इथंही प्रश्नात ‘डिव्हाइस’ आहे, पण या वेळी अर्थ पूर्ण डिस्क, एसडीए आणि एसडीबी, एसडीए१ नव्हे. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीनवर ईएसपी, म्हणजे बूटच्या फाइलींचं पार्टिशन, रेडच्या बाहेर असतं, तर दुसऱ्या डिस्कवर तेवढंच ईएसपी करून त्यात ग्रब बसवा. जुन्या उबुंटूत इन्स्टॉलच्या वेळी ‘रेड डिग्रेडेड झाला तरी बूट करायचं का’ असं विचारत. ज्या ऑफिसात संगणक जाणणारा माणूस आठवड्यातून एकदाच येतो, तिथं उत्तर ‘यस’.

बसवून झाल्यावर, डेटा टाकण्याआधी, मशीन बंद करून एका डिस्कची साटा केबल काढा आणि चालू करा. उठलं, [यू_] दिसलं, की बंद करून केबल परत लावा आणि ‘--रि-ॲड’ करा. बिटमॅप असेल तर काही सेकंदांत [यूयू] होतं. मग दुसऱ्या डिस्कची केबल काढून तेच पुन्हा.